वकिली कामात क्वांटम संगणक: यंत्राचा विचार नंतर, आधी कुलुपं बदला

प्रश्न थोडक्यात असा: मध्यम आकाराचं वकिली कार्यालय आहे. क्वांटम संगणकामुळे (सूक्ष्मकणांच्या नियमांवर चालणाऱ्या, अजून प्रयोगावस्थेतल्या संगणकामुळे) जुन्या निकालांचा शोध, खटल्याचा अंदाज आणि करारांची छाननी चुटकीसरशी होईल, असं सांगणारे विक्रेते दारात येत आहेत. यात तथ्य किती, आणि आत्ता काही करायला हवं का?

शोध, अंदाज आणि छाननी या तीन कामांसाठी आज क्वांटमच्या नावाखाली एक पैसाही खर्च करू नका. मात्र अशिलांची गुपितं ज्या एन्क्रिप्शनमध्ये ठेवली आहेत आणि करार ज्या डिजिटल स्वाक्षरीवर उभे आहेत, त्यांचं काम येत्या अंदाजपत्रकातच धरा. वकिली क्षेत्रावर क्वांटमचा पहिला खरा परिणाम इथेच होणार आहे, आणि त्यासाठी तुमच्याकडे क्वांटम संगणक असण्याची गरज नाही. तो दुसऱ्या कुणाकडे तरी असला की पुरे.

असं का, ते समजायला दोन अल्गोरिदम, म्हणजे गणनेच्या दोन रीती, पुरतात. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की मोठ्या संख्येचे अवयव पाडणं क्वांटम संगणकाला सोपं जातं. आरएसए आणि लंबवृत्तीय वक्रांवरची पद्धत या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्क्रिप्शन पद्धती. दोन्हींचा आधार अशाच गणितांच्या अवघडपणावर आहे, त्यामुळे दोन्ही मुळापासून उखडतात. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये विस्कळीत यादीतला शोध जलद करून दाखवला, पण तो फायदा फक्त वर्गमुळाइतका. विक्रेते बोलतात ग्रोव्हरबद्दल. तुमची झोप उडायला हवी ती शोरमुळे.

शोध आणि अंदाज यांचं काय?

समजा, निकालांचा १ कोटी दस्तांचा साठा आहे. साध्या पद्धतीने एकेक तपासायचा तर सरासरी ५० लाख तपासण्या. ग्रोव्हरच्या पद्धतीने साधारण २,४८०. आकडा ऐकायला भारी वाटतो. पण त्या प्रत्येक तपासणीत यंत्राला अख्खा साठा क्वांटम अवस्थेत हाताशी लागतो. तो तिथे चढवायचा तर निदान एकदा तरी सगळे १ कोटी दस्त वाचावे लागतात, आणि एकदा वाचलेच तर साधा संगणक त्याच वेळात शब्दसूची तयार करून मोकळा होतो. त्यानंतरचा प्रत्येक शोध मिलिसेकंदांचा. क्वांटम अवस्था मात्र मोजली की संपते; पुढच्या प्रश्नाला पुन्हा सुरुवात. इतका साठा चढवू शकणारी क्वांटम मेमरी आज कुणाकडेही नाही.

खटल्याच्या अंदाजाचंही तसंच. क्वांटम मशीन लर्निंगमधल्या एका गाजलेल्या दाव्याला, शिफारस प्रणालीच्या घातांकी वेगाला, २०१८ मध्ये इविन टँग यांनी सुरुंग लावला: जवळपास तेवढंच काम करणारा साधा अल्गोरिदम त्यांनी मांडला. शिवाय निकालांच्या अंदाजातली खरी अडचण गणनशक्तीची नसतेच. तडजोडीने मिटलेली प्रकरणं नोंदीत दिसत नाहीत, जुने निकाल जुन्या कायद्याखालचे असतात, वस्तुस्थितीची नोंद त्रोटक असते. विदाच अपुरी असेल तर कुठलंही यंत्र ती पुरी करून देत नाही. करारांची छाननी तर आज भाषा-मॉडेलं साध्या ग्राफिक प्रोसेसरांवरच करतात. तिथे ‘क्वांटम’ हा शब्द फक्त माहितीपत्रकात असतो.

आता मुद्द्याचं: गुपितं

हल्ला आज सुरू होऊ शकतो आणि पूर्ण व्हायला वीस वर्षं लागू शकतात, हे या धोक्याचं वेगळेपण. जाळ्यावरून जाणारी एन्क्रिप्टेड माहिती कुणीतरी आज जशीच्या तशी साठवून ठेवतो आणि यंत्र तयार झालं की उलगडतो. दुसऱ्या व्यवसायांत पाच वर्षांपूर्वीचा पत्रव्यवहार शिळा होतो. वकिलाकडे मात्र मृत्युपत्रं, दत्तक प्रकरणं, साक्षीदारांची ओळख, व्यापारी गुपितं, गोपनीयतेच्या अटीवर झालेल्या तडजोडी असतात. यांतलं बरंच काही अशिलाच्या हयातभर आणि त्यानंतरही गुप्त राहायला हवं.

हिशोब संशोधक मिशेल मोस्का यांच्या साध्या असमानतेने करा. माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी ती पहिली संख्या, प्रणाली बदलायला किती वर्षं लागतील ती दुसरी, आणि पुरेसा मोठा क्वांटम संगणक किती वर्षांत येईल ती तिसरी. पहिल्या दोघींची बेरीज तिसरीपेक्षा जास्त भरली तर उशीर झालेलाच आहे. दत्तक प्रकरणासाठी ५० वर्षं धरा, बदलासाठी ४. संगणक यायला ३० वर्षं लागतील असं अगदी सावकाश धरलं तरी बेरीज ५४, म्हणजे २४ वर्षांची गळती. उलट सहा महिन्यांत जाहीर होणाऱ्या विलीनीकरणाचा मसुदा या हिशोबात बसतच नाही. त्याची काळजी नेहमीच्या चोरांपासून घ्या. सगळ्या फायलींना एकच मापदंड लावला की खर्च वाढतो आणि काम रेंगाळतं.

तिसरी संख्या कुणालाच नेमकी सांगता येत नाही, पण तिची दिशा दिसते. २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला २ कोटी सदोष क्यूबिट (क्वांटम संगणकातले माहितीचे मूळ घटक) आणि ८ तास लागतील, असा अंदाज क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये मांडला. २०२५ मध्ये गिडनींनीच तो १० लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इतका खाली आणला. आयबीएमच्या २०२३ च्या कॉन्डॉर चिपवर १,१२१ क्यूबिट होते. दरी अजून मोठी आहे, पण ती दोन्ही काठांकडून भरत आहे.

पर्याय तयार आहेत. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानकं प्रसिद्ध केली: किल्लीच्या देवाणघेवाणीसाठी एमएल-केईएम (एफआयपीएस २०३; एफआयपीएस म्हणजे अमेरिकी सरकारी मानक), स्वाक्षरीसाठी एमएल-डीएसए (एफआयपीएस २०४) आणि केवळ हॅशवर, म्हणजे माहितीच्या छोट्या गणिती ठशावर, उभी असलेली एसएलएच-डीएसए (एफआयपीएस २०५). निस्टच्याच नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात आजच्या आरएसए आणि लंबवृत्तीय वक्रांचा वापर २०३५ नंतर पूर्ण बंद करण्याचं वेळापत्रक आहे. २०४८ बिटांच्या आरएसएला तर २०३० नंतरच नापसंती. निष्काळजीपणाच्या दाव्यात ‘हा धोका कुणाला ठाऊकच नव्हता’ हा बचाव या तारखांनंतर टिकवणं अवघड जाईल, असं माझं मत आहे. प्रसिद्ध मानक हाताशी असताना ते न वापरण्याचं कारण विचारलं जाणारच.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी यादी: एन्क्रिप्शन किंवा स्वाक्षरी जिथे जिथे आहे ती प्रत्येक जागा. ईमेल, दस्तव्यवस्थापन प्रणाली, बॅकअप, व्हीपीएन, अशिलांचं पोर्टल, ई-स्वाक्षरी सेवा, व्हिडिओ बैठका, फाइल पाठवण्याची सेवा. प्रत्येकीपुढे चार रकाने: कोणता अल्गोरिदम, किल्ली कुणाच्या ताब्यात, माहितीचं गुप्ततेचं आयुष्य किती, आणि बदल तुमच्या हातात आहे की पुरवठादाराच्या. मध्यम कार्यालयात बहुतेक उत्तरं ‘पुरवठादाराच्या’ अशीच निघतात. म्हणून काम तांत्रिक कमी आणि करारातल्या अटींचं जास्त असतं; ते तर तुम्हाला येतंच.

मग जाळ्यावरची वाहतूक. आधुनिक ब्राउझर आज संमिश्र पद्धतीने जुळणी करतात: जुनी एक्स२५५१९ आणि नवी एमएल-केईएम-७६८ दोन्ही एकत्र, म्हणजे दोघींपैकी एक टिकली तरी गुपित टिकतं. संमिश्र पद्धतच निवडा. नव्या पद्धतींवर आंधळा विश्वास नको, कारण निस्टच्या स्पर्धेत पुढच्या फेरीपर्यंत पोचलेली साइक ही पद्धत २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) सुमारे तासाभरात फुटली होती. सर्व्हर तुमचा असेल तर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरची ३.५ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, आणि दूरस्थ प्रवेशासाठी ओपनएसएसएच १०.०, ज्यात हीच संमिश्र पद्धत आपोआप चालू असते.

इथे नेमकं काय बिघडतं? एक्स२५५१९ ची सार्वजनिक (समोरच्याला उघडपणे पाठवायची) किल्ली ३२ बाइटांची, एमएल-केईएम-७६८ ची १,१८४. त्यामुळे जोडणीचा पहिलाच संदेश एका पॅकेटात मावत नाही, दोन होतात. काही जुन्या फायरवॉल पहिल्या पॅकेटातच सगळं मिळेल असं गृहीत धरतात आणि जोडणी तोडतात. लक्षण ओळखीचं आहे: एखादं संकेतस्थळ कार्यालयाच्या जाळ्यावर अडकून बसतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र लगेच उघडतं. मग कुणीतरी ब्राउझरमधली नवी पद्धत बंद करून टाकतो आणि सगळे खूश. तसं करू नका. फायरवॉलचं फर्मवेअर अद्ययावत करा.

दोन गैरसमजही दूर करतो. प्रत्येक जोडणीला नवी किल्ली असते म्हणून आपण सुरक्षित आहोत, असं काही तंत्रज्ञ सांगतात. चोरीला गेलेल्या सर्व्हर किल्लीपासून त्याने बचाव होतो हे खरं, पण ती नवी किल्ली ठरवण्याची देवाणघेवाणच शोरच्या तडाख्यात सापडते, त्यामुळे साठवलेली वाहतूक उलगडतेच. दुसरा गैरसमज उलट टोकाचा: आता सगळंच फुटणार. हार्डडिस्कवरचं एईएस-२५६ (एकाच गुप्त किल्लीचं एन्क्रिप्शन) फुटत नाही, एसएचए-२५६ हॅशही नाही. ग्रोव्हरने त्यांची ताकद कमी होते, पण उरलेलीही पुष्कळ आहे. पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि त्याच ईमेलमध्ये खाली पासवर्ड, यावर मात्र क्वांटमची वाट कुणी पाहत नाही.

क्वांटम किल्ली-वितरणाची, म्हणजे प्रकाशकणांतून किल्ली पाठवण्याची उपकरणं कुणी सुचवली तर नम्रपणे नकार द्या. त्याला वेगळी प्रकाशतंतूंची (ऑप्टिकल फायबर) वाहिनी आणि वेगळं यंत्र लागतं, समोरचा खरोखर तोच आहे का हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि ब्रिटन-अमेरिकेच्या सुरक्षा संस्थाही सर्वसाधारण वापरासाठी त्याऐवजी नव्या गणिती पद्धतींचीच शिफारस करतात.

स्वाक्षऱ्या: इथे वकिलाने स्वतः लक्ष घालावं

गुपिताची गळती झाली तर ती एका अशिलाची. स्वाक्षरीवरचा विश्वास गेला तर जुने सगळेच दस्त वादात येतात. ज्याच्याकडे पुरेसा क्वांटम संगणक आहे, तो प्रमाणपत्रातल्या सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढेल आणि मागची तारीख घातलेल्या करारावर बिनचूक सही करेल. गणिताच्या दृष्टीने ती सही खरीच. खोट्या दस्तापेक्षा उलटा वाद जास्त येईल असं मला वाटतं: खरोखर सही केलेला माणूसच म्हणेल, ‘ही किल्ली आता कुणालाही काढता येते, सही माझी कशावरून?’ तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यात, तारण कर्जात किंवा न्यासपत्रात हा प्रश्न उभा राहायला भरपूर वेळ असतो.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि त्याला क्वांटम लागत नाही. ‘अमुक दिवशी ही सही अस्तित्वात होती आणि त्या दिवशी ही पद्धत मजबूत होती’ एवढं सिद्ध करता आलं की पुरे. त्यासाठी स्वाक्षरीवर त्रयस्थ संस्थेचा टाइमस्टॅम्प, आणि ती पद्धत कमकुवत होण्याआधी त्या सगळ्यावर अधिक मजबूत पद्धतीचा नवा टाइमस्टॅम्प. आरएफसी ४९९८ या इंटरनेट-मानकाच्या दस्तात याची रीत दिली आहे: हजारो दस्तांच्या हॅशचं एक झाड रचायचं आणि फक्त शेंड्यावरच्या एका हॅशवर टाइमस्टॅम्प घ्यायचा. खर्च दस्तांच्या संख्येवर अवलंबून राहत नाही. नूतनीकरण दोन प्रकारचं असतं. फक्त स्वाक्षरीची पद्धत कमकुवत होत असेल तर जुन्या टाइमस्टॅम्पवर नवा टाइमस्टॅम्प पुरतो. मूळ दस्तांना हात लावायला नको. हॅशच कमकुवत झाला तर मात्र प्रत्येक मूळ दस्त उघडून नवा हॅश काढावा लागतो. क्वांटमच्या बाबतीत पहिल्या प्रकारावर भागतं, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

चुका कुठे होतात ते पाहा. डिजिटल सही केलेला पीडीएफ छापून, स्कॅन करून ‘अभिलेखागारात’ ठेवला जातो. सही तिथेच मेली, उरलं फक्त चित्र. किंवा सही करताना प्रमाणपत्र रद्द झालेलं नव्हतं याचा पुरावा दस्तात साठवलाच जात नाही. प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांत संपते, देणारी संस्थाही कधी बंद पडते, आणि मग सही ‘अज्ञात’ दिसते. ई-स्वाक्षरी सेवेत दीर्घकालीन पडताळणीचा पर्याय चालू आहे का, ते एका जुन्या करारावर आजच तपासा: पाच वर्षांपूर्वीचा दस्त उघडा, इंटरनेट तोडा आणि सही पडताळून बघा. पडताळली तर पुरावा आतच आहे. आणखी एक चूक: नूतनीकरणाचा टाइमस्टॅम्पही पुन्हा आरएसएचाच घेतला जातो. त्याने मुदत वाढते, क्वांटमविरुद्ध काही मिळत नाही. देणाऱ्या संस्थेला एमएल-डीएसए किंवा एसएलएच-डीएसए कधीपासून, हे लेखी विचारा.

नव्या सह्या आकाराने जड आहेत. आजची एक लंबवृत्तीय सही ६४ बाइटांची. एमएल-डीएसए-६५ ची ३,३०९, आणि एसएलएच-डीएसएची सर्वांत लहान ७,८५६. पीडीएफमध्ये सहीसाठी आधीच ठरावीक जागा राखणाऱ्या प्रणालींत ती जागा अपुरी पडते आणि सही होतच नाही. जुन्या स्मार्टकार्डांना ही गणितं झेपतही नाहीत. त्यामुळे सरसकट बदल आज नको. दहा वर्षांहून अधिक काळ चालणारे करार वेगळे काढा आणि त्यांच्या टाइमस्टॅम्पची व्यवस्था आधी लावा.

सुनावण्यांचं वेळापत्रक

क्वांटमच्या बाजूने प्रामाणिकपणे बोलता येईल असा गणनेचा उपयोग हाच, आणि तोही प्रयोगापुरता. २०० प्रकरणं आणि सुनावणीच्या ४० ठरावीक वेळा असतील तर ‘हे प्रकरण या वेळी’ असे ८,००० होय-नाही चल होतात. एका प्रकरणाला एकच वेळ, एका वकिलाला एकाच वेळी दोन ठिकाणी नाही, साक्षीदाराची उपलब्धता, अशा प्रत्येक अटीच्या भंगाला दंड लावून एकच द्विघाती राशी बांधायची आणि क्वांटम अनीलरला (सर्वांत कमी दंडाचं उत्तर शोधणाऱ्या खास क्वांटम यंत्राला) द्यायची. डी-वेव्ह कंपनीच्या ॲडव्हांटेज या अनीलर यंत्रात ५,००० हून अधिक क्यूबिट आहेत, पण प्रत्येक फक्त १५ शेजाऱ्यांना जोडलेला. सगळे चल एकमेकांत गुंतलेले असतील तर एक चल दाखवायला क्यूबिटांची साखळी लागते, आणि थेट मावणाऱ्या चलांची संख्या दोनशेच्याही खाली येते. बाकीचं काम सोबतचा साधा संगणकच करतो. दंडाचे आकडे चुकले तर गंमत होते: दंड कमी ठेवला तर यंत्र एकाच वकिलाला दोन दालनांत उभं करतं, फार वाढवला तर सगळी उत्तरं सारखीच वाईट येतात. तुलनेला अशी गणितं सोडवणारं फुकट मिळणारं साधं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ गूगलचं ओआर-टूल्स, आधी चालवा. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते.

सोडत आणि निवड

प्रकरण कोणत्या न्यायाधीशाकडे जावं, ज्यूरीत कुणाला बोलवावं, लेखापरीक्षणासाठी कोणते नमुने घ्यावेत, इथे क्वांटमच्या यादृच्छिकतेचा, म्हणजे कुणालाही आधी न सांगता येणाऱ्या संख्यांचा, उपयोग खरा आहे. निस्टचा यादृच्छिक संकेत दर ६० सेकंदांनी ५१२ बिटांची संख्या जाहीर करतो. क्वांटम संगणकातून यादृच्छिकता मिळाल्याचं प्रमाणित करण्याचा प्रयोग क्वांटिन्युअम कंपनीच्या ५६ क्यूबिटांच्या यंत्रावर झाला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण वाद संख्येच्या दर्जावर होत नाही, तो ‘हातचलाखी झाली’ यावर होतो. म्हणून क्रम सांभाळा: यादी क्रमांकांसह गोठवा, तिचा हॅश जाहीर करा, भविष्यातल्या कोणत्या मिनिटाची संख्या घेणार ते जाहीर करा, संख्येवरून निवड काढण्याचं सूत्रही आधीच लिहून ठेवा, मगच सोडत. सूत्रात एक बारीक चूक नेहमी सापडते. ८ बिटांच्या संख्येला १०० ने भागून बाकी घेतली तर पहिल्या ५६ प्रकरणांना २५६ पैकी ३ संधी मिळतात आणि उरलेल्यांना २. विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाला उलटतपासणीत एवढं पुरतं. पूर्ण ५१२ बिट वापरले तर हा कल नगण्य होतो.

क्वांटम गणना पुरावा म्हणून आली तर

रेणूंच्या पेटंटवरच्या किंवा आर्थिक प्रारूपांवरच्या खटल्यांत असा अहवाल एके दिवशी समोर येईल. त्याचं उत्तर एकच नसतं. तीच मांडणी हजारो वेळा चालवून वारंवारता मोजलेली असते. निम्म्या शक्यतेची घटना १,००० वेळा मोजली तर प्रमाण त्रुटी सुमारे १.६ टक्के, १०,००० वेळा मोजली तर ०.५. यात यंत्राचा दोष धरलेलाच नाही, आणि तो किती वेळा मोजलं तरी जात नाही. तज्ज्ञाकडून मूळ सर्किट (गणनेच्या पायऱ्यांची मांडणी), यंत्रासाठी रूपांतरित झालेलं सर्किट, धावांची संख्या, त्या दिवशीची कॅलिब्रेशनची (यंत्राच्या जुळवणीची) नोंद, दोष-दुरुस्तीसाठी नंतर केलेले सगळे हिशोब आणि कच्च्या मोजण्या मागा. ‘दुरुस्त’ आकडाच दिला आणि कच्चा दिला नाही तर तिथेच बोट ठेवा. कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा बदलत असल्याने महिन्याभराने तोच प्रयोग तंतोतंत जुळणार नाही, त्यामुळे नोंदी गणनेच्या दिवशीच जपल्या गेल्या पाहिजेत.

आणि दारातल्या त्या विक्रेत्याला काय विचारावं? उत्पादनातल्या कोणत्या घटकात कोणतं एफआयपीएस मानक, कोणत्या आवृत्तीपासून. पद्धत संमिश्र आहे का. अल्गोरिदम पुन्हा बदलावा लागला तर तो कोण, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने बदलणार. तिन्ही उत्तरं करारात उतरवून घ्या. ‘क्वांटम-प्रूफ’ एवढाच शब्द असेल आणि मानकाचा क्रमांक नसेल, तर सही करू नका.